औषध नंतर, आधी खुराडं बघा

मार्च-एप्रिलमध्ये कोंबड्यांच्या या सदराला पत्रं येतात ती "पिल्लं कुठं मिळतील" अशी, आणि जुलै उजाडला की तेच वाचक विचारतात "कुठलं औषध देऊ". या वेळचा गठ्ठा जवळपास सगळा दुसऱ्या जातीचा आहे आणि वाचता वाचता मला सारखं वाटत होतं की यातल्या बऱ्याच जणांना बाटली नकोय, कोरडी जागा पाहिजे. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, वर खाडीची दमट हवा, आणि कोंबडी एकवेळ थंडी काढेल, ऊन काढेल, पण पायाखालची ओल तिला सोसत नाही. चला, प्रश्न घेतो.

प्रश्न (बाळकूम): काका, माझ्याकडे अकरा कोंबड्या आणि दीड महिन्याची चौदा पिल्लं आहेत. चार दिवसांपासून पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात उभी राहतायत, शीट लालसर होते, दोन गेली पण. मेडिकलवाल्याने माणसांची अँटिबायोटिक गोळी दिली ती कुटून पाण्यात टाकली, काही फरक नाही. काय देऊ?

ताई, आधी ती गोळी बंद करा. तुम्ही सांगताय त्यावरून ही रक्ती हगवण वाटते, डॉक्टर तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात, आणि तो मुळात जिवाणूंचा आजारच नाही, आतड्यात वाढणाऱ्या एकपेशीय परजीवीचा आहे, मग घसादुखीची गोळी तिथं काय करणार. तीन आठवडे ते दोन महिने या वयाची पिल्लं याला सगळ्यात आधी बळी पडतात. मोठ्या कोंबड्या बहुतेक वेळा लहानपणी थोडं थोडं पचवून तयार झालेल्या असतात म्हणून त्या तुम्हाला धडधाकट दिसतायत. यावर ॲम्प्रोलियम पाण्यातून देतात, साधारण पाच दिवस, पण डोस जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि जाताना ताजी शीट एखाद्या डबीत घेऊन जा, मायक्रोस्कोपखाली बघितलं की अंदाजाचं काम राहत नाही. औषध चालू असताना आजारी पिल्लांना वेगळं ठेवा, बाकीच्यांना पण औषधाचं पाणी तेवढंच द्या, दुसरं पाणी ठेवू नका नाहीतर ती तेच पितील.

आता खरं काम. शीटेतून या परजीवीची जी बारीक अंडी बाहेर पडतात ती पडल्या पडल्या आजार देत नाहीत, त्यांना पिकायला ऊब आणि ओल लागते, एक-दोन दिवस मिळाले की झालं, मग पिल्लू तिथंच चोच मारतं आणि फेरा परत सुरू. जुलैमधली बाळकूमची ओली माती म्हणजे त्यांना पाहिजे तेच. त्यामुळे नुसतं औषध दिलंत तर पंधरा दिवसांनी मला हेच पत्र परत लिहाल. खुराड्यातला सगळा जुना भुसा काढून टाका, फरशी किंवा जमीन कोरडी करा, हलका चुना मारा (चुना मारताना कोंबड्या बाहेर, त्यांच्या डोळ्या-नाकात जातो), त्यावर दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा घाला आणि तो रोज हाताच्या पंज्याने खालीवर करा. मूठभर उचलून दाबा, गोळा झाला तर ओला आहे, बदला. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे ती त्यात पाय घालणार नाहीत, आणि भांड्याखालची जागा सगळ्यात आधी भिजते तिथलं तूस वेगळं बदलत जा. नाकाला अमोनियाचा वास आला म्हणजे तुम्हाला उशीर झालाय, कोंबडीचं नाक तर जमिनीपासून वीतभरावर असतं.

आणि जमलंच तर खुराडं जमिनीवरून दीड-दोन फूट उचला, खाली चार खांब, वर पत्रा, पत्रा पुढे चांगला बाहेर काढलेला म्हणजे आडवा पाऊस आत येत नाही, आणि भिंतीच्या वरच्या बाजूला जाळीची फट ठेवा. लोक पावसात प्लास्टिकने चारी बाजू गच्च बंद करतात, त्याने आत वाफ कोंडते नि तूस आतूनच भिजतं. रात्रीच्या मुक्कामाला एका कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट पुरे, पण कोरडे पाहिजेत.

प्रश्न (घणसोली गावठाण): आमच्या आळीत गेल्या उन्हाळ्यात मर लागली आणि आठवड्यात घरोघरच्या कोंबड्या संपल्या. माना वाकड्या व्हायच्या, हिरवी पातळ शीट. लस द्यायची असते म्हणतात पण दुकानात विचारलं तर मोठी कुपीच घ्यावी लागते, माझ्याकडे आठच कोंबड्या आहेत. आठ कोंबड्यांसाठी कोण घेणार?

दादा, तुमचा हा शेवटचा प्रश्नच या अंकातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. जे वर्णन केलंत ती मानमोडी, म्हणजे रानीखेत. लस न दिलेल्या कळपात घुसली तर सगळा कळप जाऊ शकतो, आणि एकदा झाल्यावर तिला औषध नाही, कुणी लसूण द्या हळद द्या म्हणून सांगेल, द्या हवी तर, पण त्याने मानमोडी बरी होत नाही. फक्त लस. आणि लसीची कुपी शंभर-दोनशे डोसच्या खाली सहसा मिळत नाही हे खरंय, कारण ती मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या हिशोबाने बनते.

पण तुमच्या एकट्याच्या आठ असल्या तरी आळीच्या किती आहेत? गावठाणात प्रत्येक तिसऱ्या घरामागे चार-पाच तरी निघतात. कोंबड्या असलेली पंधरा-वीस घरं मिळाली की एक कुपी जवळपास खपते आणि पैसे वाटून घेतले तर घरटी चहाच्या खर्चात लस होते. अडचण पैशाची नसतेच, अडचण ही की पुढाकार कुणी घ्यायचा. तुम्ही घ्या. आधी आळीत फिरून कुणाकडे किती पिल्लं, किती तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), किती मोठ्या कोंबड्या ते वहीत लिहा, कारण वयाप्रमाणे लस वेगळी आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. मग साधारण चार आठवड्यांनी तीच परत. आठ आठवडे झाले की आर-टू-बी नावाची, ती टोचायची असते आणि जोरकस असते, म्हणून ती लहान पिल्लांना अजिबात द्यायची नाही, वही करायची ती याचसाठी. मोठ्यांना परत कधी द्यायची ते आपल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा, आणि पहिल्या वेळी तिथल्या कुणाला तरी आळीत बोलवा, टोचणं बघून शिकलेलं बरं.

लस जिवंत असते हे लक्षात ठेवा. दुकानातून घरापर्यंत बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची, घरी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. सोबत मिळालेल्या पाण्यात मिसळली की घड्याळ सुरू, तासा-दोन तासात संपवायची, उरलेली उद्याला ठेवायची नाही. म्हणूनच सगळी आळी एकाच सकाळी उरकायची, ऊन चढायच्या आत. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्या म्हणजे सकाळी अंगणभर पकडापकडी होत नाही. जिथं कोंबडी आजारी दिसते तिथं त्या दिवशी लस नाही, आणि त्या घरात जावंच लागलं तर शेवटी जा. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना हात साबणाने धुवा, चपला पण धुवा, नाहीतर लस द्यायला गेलात आणि आजार वाटून आलात असं व्हायचं.

कुणी सांगेल की पाण्यातून पाजा, सोपं पडतं. पडतं, पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, मोरबेचं असो नाहीतर कुठलंही, आणि क्लोरीन जिवंत लस मारतं. पाण्यातूनच द्यायची तर विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात लिटरला पाच ग्रॅम बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळा, आधी दोन तास कोंबड्यांना पाणी देऊ नका. आठ-दहा कोंबड्यांसाठी मला डोळ्यातला थेंबच बरा वाटतो, कुणी पिलं कुणी नाही ही शंका राहत नाही.

एक अजून. सल्ला वाटा, लस वाटा, पण कोंबडा वाटू नका. "चार दिवस तुझा कोंबडा दे" ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि आजार एका परड्यातून दुसऱ्यात जायचा हाच सगळ्यात सरळ रस्ता. बाजारातून आणलेली कोंबडी पण निदान दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात.

प्रश्न (घोडबंदर रोड): टेरेस फ्लॅट आहे. चार कोंबड्या ठेवायच्यात, घरच्या अंड्यांपुरत्या. कोंबडा लागतोच का? आणि सोसायटी अडवेल का?

कोंबडा लागत नाही. कोंबडी अंडं देतेच, कोंबडा असो नसो, फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघणार नाही आणि तुम्हाला ते नकोच आहे. आणि टॉवरमध्ये कोंबडा ठेवायचा विचार तर करूच नका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं म्हणतात ना, तर झाकलेलं कोंबडं पण ओरडायचं राहत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं, उजेड दिसायच्या आधीच ते सुरू होतं. रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्याने शांततेची वेळ, आणि तुमचं कोंबडं साडेचारला उठणार, मग मजल्यावरचे लोक तुम्हाला उठवणार.

सोसायटीचं उत्तर सोसायटीच देईल. कमिटीला आधीच लेखी विचारा, पालिकेचे काय नियम आहेत ते प्रभाग समितीच्या ऑफिसात विचारा. चोरून ठेवलेल्या कोंबड्या चोरून राहत नाहीत कारण अंडं दिल्यावर प्रत्येक कोंबडी गल्लीला सांगते. तक्रार येते ती मात्र आवाजाची कमी आणि वासाची जास्त. एक कोंबडी रोज साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम शीट टाकते, चार म्हणजे अर्धा किलो, ती रोज उचलून सुका पाला घालून कंपोस्टमध्ये टाकली तर कुंड्यांना सोनं आहे, ताजी थेट कुंडीत टाकलीत तर झाड जळतं. टेरेसवर मे महिन्यात स्लॅब तापतो त्याचं काय करणार ते पण ठरवून ठेवा, शेडनेट, ओलं गोणपाट, दुपारी गार पाणी. कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त तोंड उघडून धापा टाकते, आणि पारा पस्तिशीच्या वर गेला की तिचं खाणं आणि अंडं दोन्ही कमी होतं.

प्रश्न (खारेगाव, कळवा): मुलाने बाजारातून गुलाबी आणि हिरवी रंगवलेली पिल्लं आणलीत, चार आहेत, सारखी चिवचिव करतायत. जगतील का?

जगली तर जगली, खोटं कशाला सांगू. ही बहुतेक अंड्याच्या जातीची नर पिल्लं असतात, हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो म्हणून रंग लावून विकतात, आणि उन्हात, टोपलीत, बिनपाण्याची येईपर्यंत अर्धी थकलेली असतात. सारखी चिवचिव म्हणजे थंडी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करायची. पुठ्ठ्याचा खोका घ्या, वरून जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब सोडा, एलईडी नाही चालणार, त्याने उजेड पडतो ऊब नाही. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली एकावर एक चढली तर बल्ब खाली घ्या, कडेला जाऊन चोच वासून बसली तर वर घ्या, खोकाभर पसरून खात फिरली तर हात लावू नका. खाली गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात, गोणपाट टाका. कोमट पाण्यात जरासा गूळ, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून दाखवा. खायला चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य), ते मिळेपर्यंत तांदळाची बारीक कणी आणि मक्याचा भरडा एक-दोन दिवस चालेल.

आणि मुलाला आत्ताच सांगून ठेवा की जगली तर चार-पाच महिन्यांत चार कोंबडे होतील, मग वरचं घोडबंदरवाल्यांचं उत्तर परत वाचा. पुढच्या वेळी अशी पिल्लं विकत घेऊ नका, आपण घेतो म्हणून ती रंगवली जातात.

प्रश्न (येऊर): रात्री काहीतरी येऊन कोंबडी मारतं. जाळी आहे, दार बंद असतं. कधी नुसतं डोकं नाही, कधी अंडी गायब, एकदा अख्खी कोंबडी गेली. बिबट्या असेल का?

येऊरला आहात म्हटल्यावर बिबट्या मनात येणारच, पण बंद जाळीतून डोकं तेवढं जाणं हे त्याचं काम वाटत नाही. कोंबडी जाळीला टेकून झोपते आणि बाहेरून उदमांजर किंवा मुंगूस मान ओढतं. अंडं कवचासकट नाहीसं होत असेल तर साप धरा, धामण किंवा नाग. फुटकी कवचं तिथंच पडलेली, खाली मातीत बीळ, तर घूस. अख्खी कोंबडी गेली त्या दिवशी दार नीट लागलं होतं का हे घरात कुणालाही न रागवता विचारा.

तुमच्याकडे ती षटकोनी भोकांची पातळ जाळी असणार. ती कोंबडी आत ठेवायला ठीक, पण बाहेरच्याला थांबवत नाही, घूस ती कुरतडते आणि साप भोकातून सरळ येतो. अर्धा इंची वेल्डमेश लावा, महाग पडते पण एकदाच. खाली ती जाळी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा, उकरणारं जनावर कडेपासून उकरतं आणि जाळीवर येऊन थांबतं. बसायचा दांडा जाळीपासून हातभर आत घ्या. कडी अशी लावा की नुसत्या पंज्याने उघडणार नाही. रात्री सांडलेलं खाद्य झाडून घ्या, उंदीर खाद्याला येतात आणि उंदरामागे साप येतो.

विष किंवा फासा लावायचा नाही, हे फार लोक करतात म्हणून मुद्दाम लिहितो. उदमांजर, मुंगूस, बिबट्या आणि हे साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, शिवाय उंदराचं विष खाल्लेला उंदीर तुमचीच कोंबडी टोचते. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. आणि बिबट्याचे ठसे खरंच दिसले तर रात्री बॅटरी घेऊन बघायला जाऊ नका, वनखात्याला १९२६ वर कळवा.

प्रश्न (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर): अंड्यांची कवचं पातळ, हातात घेतली की दबतात. भात, भाकरी, उरलेलं सगळं भरपूर घालते.

ताई, भात-भाकरीने पोट भरतं, कवच होत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि तुम्ही तर कॅल्शियमच्या ढिगावर राहताय. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, कवचं फेकू नका, स्वच्छ धुवून तव्यावर भाजा, जाडसर कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका, जिला लागेल ती स्वतः खाते. पिल्लांना नाही द्यायची, वाढत्या वयात जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. सुकट घालत असाल तर चांगलंच, पण आधी पाण्यात भिजवून मीठ काढून, आणि मूठभरच, मीठ कोंबडीला बाधतं आणि सुकट जास्त झाली तर अंड्याला वास लागतो. फरसाण-वेफर्सचा चुरा पण त्याच कारणासाठी नको. भात कमी करून लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) सुरू करा, महिन्याभरात फरक दिसायला हवा. पावसात एकदम मोठी गोणी आणू नका, बुरशी धरलेला मका कोंबडीचं लिव्हर खातो, वरची बुरशी काढून खालचं घालू असला हिशोब करायचा नाही, सगळं टाकायचं.

प्रश्न (ऐरोली): खाडीवर फ्लेमिंगो येतात, त्यांच्यापासून आमच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू होईल का? सगळे घाबरवतात.

घाबरायचं नाही, पण उडवून पण लावायचं नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात निघाला होता, २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला. आपल्या जवळ बघायचं तर फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरचं वेहळोली आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणचं चिरनेर. चिरनेरच्या तर परसातल्या कोंबड्याच होत्या, त्यामुळे हा फक्त मोठ्या पोल्ट्रीचा प्रश्न आहे असं समजू नका. विषाणू मुख्यतः जंगली बदकं आणि पाणपक्ष्यांतून फिरतो. फ्लेमिंगोंना दोष देऊन काही होत नाही, खाडीवर शेकडो जातींच्या पक्ष्यांचं येणंजाणं असतं आणि त्या जागेला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा अशी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळालाय तो त्याचसाठी. तुम्ही एवढं करा की कोंबड्यांना खाडीकाठच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात चरायला सोडू नका, खाद्य-पाणी छपराखाली ठेवा म्हणजे कावळे-बगळे त्यात तोंड घालणार नाहीत, आणि खाडीवरून आलात तर चप्पल बदलून खुराड्यात जा.

एकदम तीन-चार कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तोंड सुजलं, तर उघड्या हाताने उचलायचं नाही, कापून खायचं नाही, खाडीत टाकायचं तर मुळीच नाही. पशुसंवर्धनच्या १९६२ नंबरवर किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवा. लोक लपवतात कारण कळवलं तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात ही भीती. ती खरी आहे. पण नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही, तेव्हा लपवण्यात पैशाच्या बाजूने पण तोटाच. खाण्याचं विचाराल तर ७० अंशांवर नीट शिजवलं की विषाणू राहत नाही, आपण रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो.

प्रश्न (नेरूळ, मूळ गाव पेण): कडकनाथ घेऊ, वनराज की गावठी? गावाला जागा आहे.

हौस म्हणून घ्यायचा तर कडकनाथ घ्या, झाबुआच्या या काळ्या जातीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची अधिकृत नोंद, मिळालं आणि तेव्हापासून त्याच्या नावावर वाटेल ते काळं विकलं जातं. अंडी जास्त हवीत तर ग्रामप्रिया, अंडी-मटण दोन्ही हवं तर वनराज, दोन्ही हैदराबादच्या सरकारी संस्थेच्या जाती आहेत. पण यांच्या अंड्यातून घरी पिल्लं काढलीत तर आईबापासारखी निघत नाहीत, आणि या सहसा खुडूक (म्हणजे अंडी उबवायला) बसत नाहीत, दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. वनराज अंगाने जड, मुंगूस आलं तर उडून पळत नाही. गावठी वर्षाला साठ-ऐंशी अंडीच देते पण झाडावर चढते, स्वतःचं पोट स्वतः भरते, पिल्लं काढते. पेणला रोज कुणी बघायला नसेल तर माझं मत गावठीलाच. सरकारी पिल्लांसाठी आरे कॉलनीतल्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत चौकशी करा, आधी बुकिंग करावं लागेल या तयारीने जा.

मागच्या अंकातल्या प्रश्नावर वाचकांची उत्तरं

मुंब्र्याच्या एका ताईंनी विचारलं होतं की कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खाते. आपल्या वाचकांनी भरभरून लिहिलंय. कोलशेतहून एका आजींनी अंड्याला भोक पाडून, आत मिरचीचा ठेचा भरून घरट्यात ठेवायला सांगितलंय. आजी, माफ करा, पण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, पोपट मिरच्या कशा खातात बघा, तुमची कोंबडी ठेच्यासकट अंडं खाऊन जाईल. सानपाड्याच्या एका दादांचा उपाय मला आवडला, त्यांनी घरट्यात पिंगपाँगचे दोन बॉल ठेवले, कोंबडीने टोचटोच टोचलं, काही निघेना, सोडून दिलं. राबोडीच्या एका वाचकाने घरट्यापुढे गोणपाटाचा पडदा लावलाय, अंधारात तिला अंडं दिसत नाही, हे पण पक्कं. मी त्यात एवढंच घालीन की अंडी दिवसातून दोनदा उचला आणि कवच पातळ असेल तर वरचा दिवाळ्याचा उपाय करा, कारण पहिलं अंडं बहुतेक वेळा आपोआप फुटलेलं असतं, चटक नंतर लागते.

प्रश्न (चेंदणी कोळीवाडा): कोंबडी महिनाभर खुडूक बसलीय, खाली अंडं एक नाही. उठवू कशी?

जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून हवा लागेल असं, दोन-चार दिवस ठेवा, आत तूस नको, खाणं-पाणी भरपूर. पोट थंड झालं की खूळ उतरतं. पाण्यात बुचकळायचा जुना उपाय या पावसात करू नका. किंवा मग शेजाऱ्याकडे कोंबडा असेल तर त्यांची आठ-दहा अंडी आणून खाली ठेवा, एकवीस दिवस तशीही ती बसणारच आहे.

प्रश्न (तुर्भे गाव): सहा वर्षांची कोंबडी आहे, वर्षभर अंडं नाही. आई कापू देत नाही. ठेवून काय उपयोग?

अंड्याचा उपयोग संपला असं धरून चाला, आता ती रोज शंभर ग्रॅमच्या आसपास खाणार आणि अजून दोन-तीन वर्षं सहज काढेल. पण म्हातारी गावठी कोंबडी परड्यात असली की तरण्यांना घार आल्याचं आधी कळतं, आणि वसंतात खुडूक बसली तर तुमची पिल्लं तीच काढेल. तिला लेअर खाद्य नको, साधी कणी आणि पाला द्या, पावसात पायाच्या खवल्यांत किडे होतायत का बघा, खवले वर उचललेले दिसले तर खोबरेल तेल चोळा आणि डॉक्टरांना दाखवा. बाकी आईशी वाद घालायचा असेल तर तो या सदरात नको.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कोंबड्यांचं वय, शीटेचा रंग आणि खाली काय अंथरलंय हे तीन लिहाच.